एकट्या झाडाची सोयरीक

माळावर किंवा शेताच्या बांधावर एकटंच उभं असलेलं जुनं झाड दिसलं, की आपल्याला त्याची दया येते. आजूबाजूचं रान गेलं, सोबती तुटले, हे एवढं मागे राहिलं. उलट एखाद्या राईत त्याच जातीची चार-पाच झाडं जवळजवळ उभी असली, की बरं वाटतं. यांचं तरी ठीक चाललंय म्हणायचं. कोडगूमधल्या एका झाडाचा अभ्यास वाचनात आला आणि दया नेमकी कुणाची करायची, याचा माझा हिशेब उलटा झाला.

कोडगू म्हणजे कूर्ग. आपल्याकडची माणसं तिथे जातात ती कॉफीचे मळे, तलकावेरी आणि दुबारेचे हत्ती बघायला. पण कोकणातल्या माणसाला तो मुलूख दुसऱ्याच एका कारणासाठी ओळखीचा वाटावा. तिथेही गावोगावी देवाच्या नावाने राखलेलं रान आहे. आपण देवराई म्हणतो, ते देवरकाडू म्हणतात. कुठे अय्यप्पाची, कुठे भगवतीची. जिल्ह्यात अशा सुमारे १,२०० राया नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा अगदी लहान, दहा मिनिटांत चालून संपतील एवढ्या. मधली जमीन बहुतेक कॉफीची आणि भाताची. कॉफीला सावली लागते म्हणून मळ्यांत पूर्वी रानातलीच मोठी झाडं राखत. अलीकडे त्यांच्या जागी सिल्व्हर ओक आला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, सरळसोट आणि भराभर वाढणारा, मिरीचा वेल चढवायला सोयीचा आणि तोडायला परवानग्यांची कटकट कमी. मळेवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आंब्याकाजूच्या कलमांसाठी जुनं रान साफ करणारा वेगळं काय करतो?

या सगळ्या तुकड्यांमध्ये एक मोठं, सदाहरित, कडुनिंबाच्या कुळातलं झाड अजून तग धरून आहे. शास्त्रीय नाव डिसॉक्सायलम मलबारिकम. लाकडाच्या बाजारात ते पांढरा देवदार म्हणून ओळखलं जातं. हिमालयातल्या देवदाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण लाकूड उत्तम, त्यामुळे तोड भरपूर झाली आणि आज ते धोक्यात आलेल्या झाडांमध्ये गणलं जातं. रानाच्या छताला पोचणारं झाड आहे हे. रोपाला वाढायला दाट सावली लागते आणि मोठं व्हायला खूप वर्षं लागतात.

सास्चा इस्माइल, ख्रिस केटल, जाबूरी गझूल ही झुरिकची मंडळी, बंगळुरूचे जी. रविकांत आणि आर. उमा शंकर, आणि कोडगूतल्याच पोन्नमपेटच्या वनशास्त्र महाविद्यालयातले कुशालप्पा, अशा सगळ्यांनी मिळून या झाडाचा पाठपुरावा केला. २१६ चौरस किलोमीटरचा टापू घेतला. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळजवळ दुप्पट. आणि त्या टापूतली पांढऱ्या देवदाराची मोठी झाडं एकूण एक शोधून काढली. नमुन्यादाखल काही झाडं निवडून बाकीचा अंदाज बांधला असता तरी कुणी बोल लावला नसता. पण इथे प्रश्नच असा होता की एखादा संभाव्य बापही सुटून चालणार नव्हता.

हो, बाप. कारण शोध चालला होता तो बियांच्या बापाचा.

आई कोण हे सहज कळतं. बी तिच्याच फांदीवरून काढलेलं असतं. बाप कळत नाही, कारण पराग कुठून आला हे बघायला कुणी बसलेलं नसतं. त्यासाठी पानातला डीएनए काढतात. डीएनएवर काही ठरावीक जागा अशा असतात, की तिथे दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे झाडागणिक बदलतं. प्रत्येक जागेच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. समजा एका जागी रोपात तो तुकडा एका प्रतीत १२ वेळा आहे आणि दुसऱ्या प्रतीत १७ वेळा. आईकडे १२ आहे, १७ नाही. म्हणजे बापाकडे १७ असलाच पाहिजे. अशा ११ जागा तपासल्या की टापूतल्या बहुतेक झाडांवर फुली पडत जाते आणि शेवटी एखादंच उरतं. माणसांच्या पितृत्वाच्या खटल्यांत हीच रीत वापरतात. फरक एवढाच की झाडांकडून कुणी पोटगी मागत नाही.

२०१२ साली या कामाचा पहिला मोठा निष्कर्ष छापून आला. कॉफीच्या मळ्यात एकट्याच उरलेल्या झाडांच्या बियांचे बाप पाच किलोमीटरहूनही लांबचे निघाले, आणि तेही एकच बाप नव्हे, वेगवेगळे. म्हणजे ज्याला आपण एकाकी म्हणतो, त्याच्याकडे साऱ्या पंचक्रोशीतून पराग येत होता. आणि ज्या तुकड्यांत मोजकीच झाडं उरली होती, तिथे बियांचे बाप शेजारचेच असण्याचं प्रमाण वाढलं होतं. शेजारचे, आणि नात्यातले.

कोकणातल्या वाडीत याला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. एका वाडीत सगळी भावकी राहते, आणि भावकीत सोयरीक होत नाही. मुलगी बाहेरून येते, मुलगी बाहेर जाते, आणि त्यासाठी लोक डोंगर ओलांडतात, खाडी ओलांडतात. झाडांना हा नियम कुणी घालून दिलेला नाही. (मामाच्या मुलीचा अपवाद आपण ठेवलाच आहे, झाडं त्याच्याही कितीतरी पुढे जातात.) भरपूर झाडं असलेल्या रानात निदान निवडीला वाव असतो. शेजारी भाऊ असला तरी त्याच्या पलीकडे परका असतो, आणि कीटक दोघांवर बसून येतो. चारच झाडं उरली आणि चारही एका आईची असली, तर कीटकाने किती का खेपा घालाव्यात, पराग घरातल्या घरातच फिरणार. त्याला जवळ फुलं मिळतात तोवर लांब जायचं कारण नसतं. एकट्या झाडाला जवळ कुणीच नाही, म्हणून जो पराग येतो तो लांबूनच येतो. कीटकाच्या बाजूने विचार केला की हे विचित्र वाटेनासं होतं.

नात्यातल्या बियांनी बिघडतं काय? प्रत्येक झाडाच्या जनुकांत काही ना काही खोट असतेच. बहुतेक वेळा ती दबून राहते, कारण एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. आई आणि बाप सख्खे असले तर तीच खोट दोन्हीकडून यायची शक्यता वाढते आणि मग निभावून न्यायला कुणी उरत नाही. पण हे झालं पुस्तकातलं. कोडगूत ते प्रत्यक्ष मोजलं गेलं. विरळ आणि दाट अशा दोन्ही प्रकारच्या तुकड्यांतून आणलेल्या बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेली २९७ रोपं तपासली. रोपवाटिकेत वाढवल्यामुळे तुकड्यातुकड्यातला ऊनपावसाचा आणि मातीचा फरक मध्ये आला नाही. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला: विरळ तुकड्यांत नात्यातल्या झाडांचं मीलन होतं आणि त्या रोपांची वाढ मागे पडते.

रानात असं रोप दिसलं तर आपण काय म्हणू? पाऊस कमी झाला, गुरांनी खाल्लं, माती धुपली. त्याचे आईबाप बहीणभाऊ होते, हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

इथपर्यंत वाचून मला वाटलं होतं, चला, पराग तर पाच-पाच किलोमीटर जातो, म्हणजे तुकडे झाले तरी रान आतून जोडलेलं आहे. शिवाय धनेश पक्षी आहेत. पांढऱ्या देवदाराची बी धनेश खातात आणि धनेशाला दोन राया म्हणजे दोन पंखांचं अंतर. मग २०१७ चा लेख हाती आला. त्याच टापूतली ४८८ रोपं घेऊन या वेळी आई आणि बाप दोन्ही शोधले होते, म्हणजे बी नेमकी किती लांब जाऊन रुजली हे कळावं. उत्तर निघालं: रुजलेल्या बियांपैकी बहुतेक २०० मीटरच्या आत.

दोनशे मीटर म्हणजे कित्येकदा राईची हद्दही ओलांडून होत नाही.

धनेश कुठवर उडतो हा एक प्रश्न आहे, आणि त्याने टाकलेली बी कुठे पडून तगली हा निराळा. आपण पक्षी बघतो, त्याची भरारी बघतो आणि बी त्याच्याबरोबर गेलीच असं धरून चालतो. पण बी कॉफीच्या ओळीत पडली तर पुढच्या खुरपणीत निघते. रस्त्यावर पडली तर संपली. लांब गेलेल्या बियांपैकी सावली, ओल आणि शांतता तिन्ही मिळणाऱ्या किती? संशोधकांनी स्पष्टच लिहिलं आहे की बी वाहणाऱ्या प्राण्याच्या फिरण्यावरून झाडाचं भवितव्य ठरवायला गेलं तर दिशाभूल होऊ शकते. धनेशावर माझा फार जीव आहे. चिपळूण-संगमेश्वरच्या बाजूला सड्यावर बसून त्यांच्या पंखांचा आवाज ऐकण्यात मी कितीतरी सकाळी घालवल्या आहेत. म्हणून हे वाक्य पचायला जड गेलं. पण आकडे आकडे आहेत.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. पराग पाच किलोमीटर, बी दोनशे मीटर. म्हणजे पुढच्या पिढीत बाहेरून येतं ते फक्त बापाच्या बाजूचं; आईची बाजू जिथल्या तिथे. जिथे एखादं तरी झाड उभं आहे, तिथे बाहेरचं रक्त येऊ शकतं. पण ज्या राईतून पांढरा देवदार पूर्ण संपला, तिथे तो परत कसा येणार? परागाला उतरायला आई लागते. रिकाम्या राईवरून पराग कितीही उडाला तरी तिथे एक रोप उगवणार नाही.

आणि या हिशेबातली मला सगळ्यात लागणारी गोष्ट वेगळीच आहे. सगळ्यात सरमिसळ झालेली, लांबलांबच्या बापांची, धडधाकट निघण्याची शक्यता असलेली बी तयार होते ती मळ्यातल्या एकट्या झाडावर. तिला रुजायला जागा नाही, कारण खाली कॉफी आहे आणि विळा आहे. आणि जिथे विळा जात नाही, देवाच्या भीतीने कुणी काडीही उचलत नाही, त्या लहान राईत पडते ती भावकीतली बी. हे असं त्या लेखांत एका जागी लिहिलेलं नाही. तीन लेख शेजारी ठेवून मी ते जुळवलं आहे. कुणी खोडून काढलं तर मला आनंदच होईल.

झाडांच्या बाबतीत आणखी एक पंचाईत असते, ती काळाची. बेडूक किंवा फुलपाखरू यांच्या पिढ्या भराभर उलटतात. बिघाड झाला की दहा-वीस वर्षांत दिसतो. आज उभी असलेली मोठी झाडं ज्या बियांतून आली, त्या बिया कॉफीने रानाचे तुकडे पाडण्याच्या आधीच्या, किंवा तोड एवढी वाढण्याच्या आधीच्या. त्यांच्या अंगात जुन्या सलग रानाचं वैविध्य शाबूत आहे. त्यांची पानं तपासून कुणी म्हणालं की जनुकीय वैविध्य उत्तम आहे, काळजी नसावी, तर ते खोटं नाही. पण ती खबर शंभरेक वर्षांपूर्वीची आहे. आजची खबर रोपांकडे असते. कोडगूत मोठी झाडं आणि लहान रोपं यांची तुलना केल्यावर दिसलं, की रोपांच्या पिढीत तुकड्यातुकड्यांतला फरक वाढला आहे आणि जवळजवळची रोपं एकमेकांच्या नात्यात असण्याचं प्रमाणही. बिघाड सुरू झालेला आहे, फक्त वर बघणाऱ्याला तो दिसत नाही.

मला हे वाचून आठवली ती माझ्या आत्याच्या सासरची देवराई. संगमेश्वर तालुक्यात, ओढ्याला लागून. तिथे सीतेच्या अशोकाची झाडं आहेत. शाळांच्या कुंपणाला रांगेने लावतात तो उंच सुळका नव्हे. खरा अशोक, खोडालाच केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणारा. आयुर्वेदात सालीला मागणी असल्यामुळे रानातले अशोक सोलले जाऊन संपत आले आणि जागतिक यादीत तो असुरक्षित जातींमध्ये आहे. बी चांगली वजनदार, चपटी. आईच्या पायाशीच पडते. वर्षभरापूर्वी गेलो तेव्हा मुद्दाम गुरवकाकांना विचारलं.

“काका, अशोकाखाली रोपं येतात का हो?”

“येतात ना. पावसात पाय ठेवायला जागा नसते.”

“मग मोठी का होत नाहीत?”

“शिमगा येईपर्यंत एक राहात नाही बघ. का ते देवाला ठाव.”

देवाला ठाऊक असेल, पण अंदाज मलाही करता येतो आणि तो जनुकांपासून सुरू होत नाही. ओढ्याकडे उतरणारी वाट रुंद केली, तेव्हा वरच्या फांद्या छाटल्या. देवळापुढे सभामंडप झाला, भोवताली पेव्हर ब्लॉक आले. जिथे दुपारी अंधार असायचा तिथे आता ऊन पडतं आणि उन्हात वाढणारी झुडपं माजतात. कोडगूच्या २०१४ च्या लेखात हेच दुसरं कारण दिलेलं आहे: छत विरळ झालं, उघडिपीत वाढणारी झाडं वाढली, आणि पांढऱ्या देवदाराच्या रोपांना जागा राहिली नाही. नात्यातली कमजोर रोपं आणि त्यांना वाढवायला नालायक झालेली जागा, हे दोन्ही एकदम. अशोकाखालच्या रोपांचं नातं कुणी तपासलेलं नाही. पण मोजून थोडी झाडं, बी पायाशी पडणारी आणि दुसरी अशोकाची राई कुठे आहे ते गुरवकाकांनाही सांगता येत नाही, एवढ्यावरून शंका घ्यायला हरकत नसावी.

सभामंडपाबद्दल मी गावात काही बोललो नाही. पावसात भजनाला बसायला जागा नव्हती, हे मीही लहानपणी भोगलं आहे.

आपल्याकडे झाडांबद्दलचं सगळं बोलणं संख्येवर येऊन थांबतं. राज्यात २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि २०१९ साली ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला. किती जगली यावर वाद झाले, खड्डे मोजले गेले, विधिमंडळात प्रश्न आले. ते व्हायलाच हवं. पण त्या रोपांची बी कुठून आली, किती झाडांवरून गोळा केली, हा प्रश्न मी कुठल्याही चर्चेत ऐकला नाही. बी गोळा करणारा मजूर किलोवर पैसे घेतो. त्याला जे झाड रस्त्याजवळ आहे, बुटकं आहे आणि लगडलेलं आहे तेच परवडतं. एका बागेतल्या एका अशोकाची बी गोणीभर निघते. त्यातून हजार रोपं होतात, हजार रोपं शंभर ठिकाणी जातात, आणि कागदावर अशोकाची संख्या हजाराने वाढते. सगळी भावंडं. निम्मी सख्खी, निम्मी सावत्र म्हणू हवं तर. तीस वर्षांनी ती एकमेकांत फुलतील तेव्हा आपण कुणाला जाब विचारणार?

नात्याची झाडं एकगठ्ठा लावण्याची हद्द कुठवर जाऊ शकते याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथला प्रसिद्ध इंग्लिश एल्म म्हणजे रोमन लोकांनी द्राक्षवेल चढवायला नेलेल्या एकाच झाडाच्या प्रती, हे २००४ साली सिद्ध झालं. फुटव्यांवर वाढत दोन हजार वर्षं टिकला. मग बुरशीचा रोग आला, आणि १९७० च्या दशकापासून ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. प्रती सगळ्या एकच, त्यामुळे त्यांच्यापैकी एखादा तरी वेगळा निघून वाचेल ही आशाही नव्हती.

आम्ही काही मित्र मे-जूनमध्ये रानातली बी गोळा करतो आणि एका ओळखीच्या रोपवाटिकेला देतो. हौसेचं काम, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. पण आता एक पद्धत ठेवली आहे. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी, पिशवीवर झाडाची खूण आणि जागा. रोपवाटिकेत प्रत्येक पिशवीतली सारखीच रोपं मिसळायची. एखादं झाड लगडलं म्हणून त्याची भरमार करायची नाही. शक्य तेवढी जास्त झाडं गाठायची. बी गोळा करण्याच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं की दोन मातृवृक्षांत साधारण शंभर मीटर अंतर ठेवा, म्हणजे ती बहिणी निघायची शक्यता कमी. कोडगूचं वाचल्यापासून हा शंभराचा आकडा मला खटकतो. ज्या झाडाची रुजलेली बी बहुतेक दोनशे मीटरच्या आत असते, त्याच्या बाबतीत शंभर मीटरवरचं झाड बहीण नसेल कशावरून? मग आम्ही राईतलं एक आणि मधल्या शेतातलं एकटं झाड, असं आलटून पालटून घेतो. बांधावरच्या एकट्या बेहड्यासाठी एक मित्र दुपारच्या उन्हात मैलभर तंगडतोड करतो आणि वाटेत मला शिव्या घालतो.

एकट्या झाडांचं हे मोल कुठल्या सरकारी कागदावर येत नाही. रस्ता रुंद करायचा असला की त्याचा घेर मोजतात, घनफुटात लाकूड धरतात आणि बदल्यात अमुक रोपं लावू म्हणतात. ती रोपं कुठल्याशा एकाच झाडाच्या गोणीतली असली, तर सौदा फारच महाग पडला.

यावर सोपा उपाय सुचतो तो असा, की लांबून बी आणावी आणि सरमिसळ करून टाकावी. किती आणायची? स्युअल राइट या शास्त्रज्ञाच्या १९३१ सालच्या गणितातून एक ठोकताळा निघालेला आहे, की एका पिढीत बाहेरून एखादा जरी जीव येऊन मिसळला, तरी दोन समूह पुरते तुटत नाहीत. ठोकताळाच तो, त्याला अटी पुष्कळ आहेत. पण गरज केवढी थोडी असू शकते, हे त्यावरून कळतं. फक्त लांबून म्हणजे किती लांबून, यावर आमच्यात दर वेळी भांडण होतं. सह्याद्रीत उत्तरेकडे यावं तसा कोरडा काळ लांबत जातो. केरळच्या दक्षिण टोकाला दोन-तीन महिने, आपल्याकडे सात-आठ. दक्षिणेच्या पावसावर पोसलेल्या झाडाची बी इकडे आणून लावली तर मे महिन्यात ती काय करणार? आणि ती जगून इथल्यात मिसळली, तर इथल्या झाडांनी कोरड काढायची जी अक्कल पिढ्यान्‌पिढ्या कमावली ती पातळ होणार नाही कशावरून?

सध्या आमचं भांडण अडलं आहे ते दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्यावर. तिथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे. महाराष्ट्रात असली जागा दुर्मीळ आणि म्हणून तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बारमाही ओलीत उभी झाडं, चिखलातून वर निघालेली गुडघ्यांसारखी मुळं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे, तीही तसलीच. दोन्ही ठिकाणी देव आहे म्हणून रान आहे. या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. म्हणजे राईत झाडं मोजली आणि आकडा बरा आला, तरी त्यातल्या माद्या किती, नर किती आणि एका वेळी फुलतात किती, हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवटच. बीही अशी की वाळली की मेली. ती साठवून ठेवता येत नाही, रानातून काढली की लगेच पेरावी लागते.

मित्राचं म्हणणं, निरंकाराची थोडी बी आणून बांबर्ड्याजवळ रोपं करावीत. हवामान तेच, अंतरही फार नाही. धनेश आणि कबुतरं पूर्वी हेच करत असणार. माझं म्हणणं, आधी दोन्हीकडच्या झाडांची पानं कुणीतरी नीट तपासावीत. जात एकच आहे ना, ही खात्री सगळ्यात आधी, मग नातं. जी वेगळी असतील ती का वेगळी आहेत हे बघितल्याशिवाय मिसळू नयेत. तो म्हणतो, तू तपासत बस, तोवर झाडं म्हातारी होतील. यात तथ्य आहे.

दोन राज्यं, दोन वनखाती, दोन गावच्या जैवविविधता समित्या आणि दोन देव, एवढ्यांची परवानगी लागेल. देवांची सगळ्यात आधी मिळेल असं मला वाटतं. तोवर ज्यावर आमचं एकमत आहे ते एवढंच: असल्या राया आजवर मोडल्या त्या बहुतेक भात आणि सुपारीसाठी पाणी वळवल्यामुळे, तेव्हा वरचा ओहोळ कुणाच्या बागायतीकडे वळत नाही ना, यावर नजर ठेवायची. हेवाळ्याच्या बाजूला ओळखीचा एक बागायतदार आहे, त्याच्याकडे सुपारी उतरवायच्या वेळी जायचं ठरलं आहे. नर-मादी मोजायला फुलं असताना पुन्हा जावं लागेल, ती खेप वेगळी.